आईच्या लुगड्यांना कात्री लावू का?

प्रश्न: ताई नमस्कार. येत्या पितृपक्षात आईला जाऊन दोन वर्षं होतील. तिची सात नऊवारी लुगडी माझ्या कपाटात आहेत, घडीसुद्धा मोडलेली नाही, कधी कधी दार उघडून नुसती तोंड खुपसून उभी राहते, पण वासही आता कमी होत चाललाय. माझी मुलगी 26 वर्षांची, बंगळुरूला जॉब करते. परवा फोनवर म्हणाली, आई मला आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवून दे ना. मी एकदम चिडले, म्हटलं त्यांना कात्री लावायची नाही. ती गप्पच झाली, फोन ठेवला, तेव्हापासून मला झोप नाही. माझं चुकलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो ताई, चुकलं वगैरे काही नाही, पण आज रात्रीच लेकीला फोन करा. तिने मागितलंय काय ते बघा ना, ब्लँकेट तर तिला ऑनलाइन बसल्या जागी मिळतं, तिला आजी पांघरायचीये.

माझी आई गेली तेव्हा मीही तिची लुगडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली, तीन वर्षांनी उघडली तर बरीचशी घडीवरच विरलेली आणि वास आईचा नाही, डांबराचा. त्या दिवशी जेवढी रडले तेवढी ती गेली तेव्हाही रडले नव्हते.

आणि कात्रीचं म्हणाल तर तुमच्या आईनेच ती किती वेळा चालवली असेल आठवा. लुगडं बसायच्या जागी विरलं की आपल्या आया-आज्या तेवढा भाग काढून टाकायच्या, दंड घालून, म्हणजे उरलेले तुकडे जोडून शिवून, परत नेसायच्या, आणि तेही होईना झालं की मग दुपटी, गोधड्या. तुमच्या लेकीचं पहिलं दुपटंही आजीच्या लुगड्याचंच असणार, हो ना?

सातही कापू नका मात्र. एक न धुता तसंच ठेवा, साध्या सुती कापडात गुंडाळून. रेशमी काठापदराचं असेल तेही राहू दे. रोजच्या वापरातली सुती तीन-चार घ्या. नऊवार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, दोन पन्हे जोडले की सिंगल गोधडीची वरची-खालची दोन्ही अंगं एकाच लुगड्यात निघतात, बाकीची आत थराला. मग कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं.

बाहेर शिवायला देऊ नका प्लीज. दिवाळीत लेक आली की तिला समोर जमिनीवर बसवा आणि हातात सुई द्या. माझ्याकडे जी दोन लुगडी धड निघाली ती घेऊन मी आणि माझी लेक अशाच बसलो होतो, चार दिवसांत हातभरसुद्धा शिवून झालं नाही, पण टाका घालता घालता तिने विचारलं, आई तू आजीशी भांडायचीस का गं? आणि मी सगळं सांगत सुटले, कशावरून भांडायचे, कोण आधी बोलायचं, शेवटच्या आजारपणात काय बोलायचं राहून गेलं ते सगळं. तोवर तिला मी आई म्हणूनच माहीत होते, कुणाची तरी लेक म्हणून तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नंतर कितीतरी वेळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, एवढी मोठी घोडी.

तिचे टाके वाकडेतिकडे येतील, उसवू नका. सुट्टी संपेल तेव्हा गोधडी अर्धीच झालेली असेल, तशीच सुईदोऱ्यासकट तिच्या बॅगेत घाला, संक्रांतीला येईल तेव्हा पुढची बाजू घ्या.