वाचक विचारतात : पिवळं पॅड लावू की काळं?

प्रश्न : माझी काळी सेडान चार वर्षांची आहे, उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. ऑनलाइन डीए पॉलिशर (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशचं मशीन) मागवला, सोबत पाच रंगांची पॅड आली पण कुठलं कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नाही. पिवळं सगळ्यात कडक वाटतंय, त्यानेच सुरुवात करू का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : अहो थांबा, पिवळं आधी बाजूला ठेवा. आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका, त्याला ठरलेला नियमच नाही. रुपेस कंपनीचं पिवळं पॅड म्हणजे फाइन, शेवटाकडच्या पॉलिशचं, आणि लेक कंट्री कंपनीचं पिवळं म्हणजे चांगलंच कापणारं, आता तुमच्या बिननावाच्या सेटमधलं पिवळं कुणाच्या वळणावर गेलंय ते कसं कळणार? त्यापेक्षा अंगठ्याने दाबून बघा. कडक फोम कापतो, मधला पॉलिश करतो, आणि स्पंजासारखा मऊ असतो तो फिनिशिंगचा. फोमपेक्षा जास्त कापतं मायक्रोफायबर, आणि त्याच्याही वर लोकर.

ओरखडा काही भरून येत नसतो, त्याच्या आजूबाजूचं क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून त्याच्या पातळीवर आणायचं असतं. आणि ते क्लिअर असतं साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ! दरवेळी त्यातलं थोडं जातं आणि परत येत नाही, म्हणून मधल्या फोमने आणि साध्या पॉलिशने सुरुवात करा, तेवढ्याने नाहीच गेलं तर आधी पॉलिशऐवजी कंपाउंड (जास्त कापणारी जाडसर पेस्ट) घ्या, पॅड नंतर बदला.

गाडी धुवून क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवा, सावलीत बॉनेट गार होऊ द्या आणि दीड फुटाचा एकच चौकोन टेप लावून आखा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच ते चौकोनभर पसरून घ्या नाहीतर भिंतीवर रांगोळी होईल. मग ४-५ स्पीडवर आडवं-उभं, अगदी सावकाश, सेकंदाला जेमतेम इंचभर. पॅड जिला चिकटतं त्या मशीनच्या प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे, जोर जास्त झाला की डीए नुसता थरथरतो, फिरत नाही, आणि तुम्ही मात्र घाम गाळून काम केल्याच्या समाधानात! शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने पुसून मगच टॉर्च मारा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं आणि आठवड्याने ते पुन्हा हजर होतात.

पॅड एकाच प्रकारची तीन-चार तरी घ्या. एका पॅडवर अख्खी गाडी काढली की ते मळाने आणि पॉलिशने भिजून चिखल होतं, कापणं बंद. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने झाडा. प्लेट ५ इंची असेल तर पॅड साडेपाचचं, प्लेट उघडी पडली तर पॅडचं काम प्लेट करेल.

आणि एक विचारू का, सोसायटीत गाडी पुसणारा येतो ना, एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या? जाळं तिथून येतं. ते थांबवलं नाहीत तर हे सगळं दिवाळीला पुन्हा करायचंय.

प्रश्न : गॅरेजवाल्याने लोकरीचं पॅड मारून गाडी चकाचक दिली, पण रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली बॉनेटवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे हलताना दिसतात. रंग गेला का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक नाही गेला. हे होलोग्राम, रोटरी मशीन (डीएसारखं न हलता नुसतं गोल फिरणारं) आणि लोकर अशी जोडी चालवून वर फिनिशिंग न केल्याची खूण. डीएवर मऊ फोम आणि बारीक पॉलिश घ्या, बऱ्याचदा एका हातात निघतं. पण त्याने रोटरीऐवजी चार इंची ग्राइंडरलाच लोकर बांधली नव्हती ना, ते विचारा. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, पॉलिशिंगला २,००० सुद्धा भरपूर झाले. मी स्वतः सुरुवातीला मेव्हण्याच्या गाडीच्या दाराच्या कडेवर रोटरी दोन सेकंद जास्त टेकवली होती, खालचा पांढरा प्रायमर दिसला, अजून लग्नकार्यात विषय निघतो. कडांवर आणि बॉडी लाइनवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावाच. प्लास्टिकच्या बंपरलाही जपा, ते पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, तापतं.

प्रश्न : गावच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्यांनी दोन्ही बाजू ओरबाडल्या. कटिंग पॅडने जाईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : डोळे मिटून नख आडवं फिरवा. नख न अडता सरकलं तर मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंडने बरंचसं जाईल, मग वरून मऊ फोम फिरवा. नख अडकलं तर पूर्ण जाणार नाही, कडा मऊ होऊन लांबून दिसायचं कमी होईल, तेवढ्यावर समाधान माना. आणि आत पांढरं किंवा पत्रा दिसत असेल तर पॅड विकत घेऊच नका, टच-अप पेन आणा, तेही पावसाळ्याआधी, कोकणच्या हवेत उघडा पत्रा फार दिवस तसा राहत नाही.