मुंग्यांच्या पलीकडची अकरा मिनिटं

म्हापसा,
चवथीच्या आधीचा रविवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, फोटोही बघितले. शुक्रवारच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगाशेजारी पोतंभर व्हिडिओ कॅसेटी पडलेल्या दिसल्या आणि तू त्या उचलून घरी आणल्यास, याचा मला झालेला आनंद फोनवर टाइप करता येईना. म्हणून कागद घेऊन बसलो.

तिसऱ्या फोटोतल्या कॅसेटवर बॉलपेननं 'आमचा पिक्चर' एवढंच लिहिलंय. ती आधी बाकीच्यांपासून वेगळी काढ आणि व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नकोस. फोटो मोठा करून बघितला, तर खिडकीतून दिसणाऱ्या रिळाच्या कडेला पांढरी भुकटी आहे. ती बुरशी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कॅसेटी नेमक्या कपाटाच्या तळाशी, ओलीच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात. बुरशीची कॅसेट एकदा लावली की ती भुकटी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला. व्हीसीआरमधला ड्रम मिनिटाला १,५०० वेळा फिरतो, त्यामुळे घाणीचा एक कण टेपवर किती चरे पाडत असेल याचा अंदाज कर. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जे मशिन आहे तेच सांभाळायचं. हेडवर वहीचा कागद घासायची जुनी सवय कोणी शिकवली तर ऐकू नकोस.

बाकीच्या कॅसेटी उभ्या ठेव, टीव्हीपासून आणि स्पीकरपासून लांब, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. एखादी लावल्यावर चित्र काळंपांढरं आलं, तर सिनेमा काळापांढराच असेल असं लगेच समजू नकोस. आपल्या कितीतरी घरांतले लोक गल्फमध्ये होते. सौदीत टीव्हीची पद्धत सेकॅम होती, आपली पॅल. तिकडे भरलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर रंग दाखवत नाही. अशा कॅसेटींवर चिठ्ठी लावून बाजूला ठेव, माझ्याकडे दोन्ही पद्धतींचा डेक, म्हणजे व्हीसीआर, आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. तू लिहिलंस की त्यातली भुताच्या सिनेमाची एक कॅसेट बघितलीस, भुताच्या हातात घड्याळ दिसतं, तेवढा तुकडा कापून रील करणार आहेस. करू नकोस. निदान आज तरी करू नकोस. तो सिनेमा तू किती मिनिटं बघितलास? फास्ट फॉरवर्ड करत बघितला असशील तर तो बघितला नाहीस. घड्याळ कोणालाही पहिल्या फटक्यात दिसतं. मला तू सांगायला हवं की रात्रीचा देखावा त्यांनी कसा उजळला. गॅसबत्तीनं की मोटरसायकलच्या दिव्यानं? भुताची भूमिका पुरुषानं केली की बाईनं? मागे ऐकू येते ती आपल्या घुमट वाद्याची साथ आहे की कुठल्या हिंदी कॅसेटमधून उचललेलं संगीत? ज्यांच्या खिशात काहीच नव्हतं, त्यांनी प्रत्येक देखाव्याला काही ना काही उपाय शोधलेला असतो. तो उपाय शोधत बघ, मग अशा सिनेमात फार मोठी गंमत आहे.

मालेगावची माणसं आठव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं तिथल्या यंत्रमाग कामगारांना घेऊन सिनेमे काढले, कॅमेरा सायकलवर बांधून ट्रॉलीचं काम भागवलं. लोक हसले, पण त्यांनी हसवायलाच ते सिनेमे केले होते. आपल्या भुताच्या सिनेमावाल्यांनी मात्र घाबरवायला केला होता. त्यांच्यावर हसायचं असेल तर आधी एकदा घाबरायची तयारी ठेवून, दिवे बंद करून, शेवटपर्यंत बघ.

आणि कॅसेटीवरची प्रत म्हणजे दुय्यम माल, असंही मनात आणू नकोस. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' हा सिनेमा १९८८चा. तो आपल्या थिएटरांत लागला २०१४मध्ये. मधल्या काळात तो जिवंत राहिला तो हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर, कॉपीवरून कॉपी काढत, रंग उडत उडत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयानं २०१५मध्ये सुमारे २,७०० व्हीएचएस कॅसेटी विकत घेतल्या, त्यातले बरेचसे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले भयपट आणि स्वस्तातले सिनेमे. विद्यापीठाला ते जपावेसे वाटतात. त्यांच्या लेखी वरचं कव्हरसुद्धा महत्त्वाचं. तेव्हा फाटकी कव्हरं फेकू नकोस.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. मी म्हापशात व्हिडिओ लायब्ररी चालवत होतो तेव्हाची. १९८९मध्ये साखळीजवळच्या एका गावातल्या जत्रेत नाटक करणाऱ्या मंडळींनी भाड्याच्या कॅमेऱ्यावर एक सिनेमा काढला. दोन तास सहा मिनिटांचा. जोडणी माझ्याच दुकानात झाली, दोन डेक समोरासमोर ठेवून, पॉज दाबत, सोडत. मूळ कॅसेट त्यांनी विश्वासानं माझ्याकडे ठेवली. पुसली जाऊ नये म्हणून मागचा प्लास्टिकचा तुकडा मीच मोडला होता. पुढच्या वर्षी जुलैत फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, पश्चिम जर्मनी आणि अर्जेंटिना. मध्यरात्र, बाहेर पाऊस, कोरी कॅसेट संपलेली. मी त्या मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली आणि सामना भरला. त्यांच्याकडे कॉपी आहे असं स्वतःला सांगितलं. होतीही, पण ती नंतर पुराच्या पाण्यात गेली.

आज ती कॅसेट लावली की ८५व्या मिनिटाची पेनल्टी दिसते, कप उचललेला दिसतो, मग दोन-तीन सेकंद पडद्यावर चित्राऐवजी नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या. आणि एकदम वाळवंटी नदीचा काठ. एक बाई पायऱ्या उतरून येते. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, काखेत कळशी. पाण्यात बघते, कळशी तशीच ठेवते आणि परत पायऱ्या चढू लागते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही, रिकाम्या कळशीवर थांबतो, आणि तिच्यात पावसाचे थेंब पडलेले ऐकू येतात. अशी अकरा मिनिटं उरली आहेत. ती का परत जाते हे त्या आधीच्या जवळजवळ दोन तासांत होतं. जोडणी करताना मी ते किती वेळा बघितलं असेल! आता मला ते आठवत नाही.

म्हणून वही कर. एक कॅसेट, एक पान. लेबलवरचे शब्द जसेच्या तसे, कॅसेटीचा मेक, कुठे मिळाली, कोणाकडून, पोत्यात तिच्या शेजारी काय होतं. पुण्याचं फिल्म संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर अंधारात सिनेमा बघताना वहीत टिपणं काढत. तुला तर पॉजचं बटण आहे. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसलं तर तिथेच थांबव. नाव, लांबी, अर्ज करणाऱ्याचं नाव, सगळं त्यावर असतं. प्रमाणपत्र नसेल तर शेवटच्या आभारांत दुकानांची, देवळाची, ट्रकवाल्याची नावं असतात. त्यावरून गाव लागतं, आणि गाव लागलं की माणूस लागतो. हे काम लवकर कर. १९८९ला तिशीत असलेली माणसं आज कुठल्या वयाची आहेत हे मोजून बघ.

कॉम्प्युटरवर घेताना सरळ डीव्हीडी करून मोकळी होऊ नकोस. लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काही न गाळणारी फाइल घे, तासाला तीस-एक जीबी जातील, जाऊ देत. पॅलमध्ये सेकंदाला पन्नास अर्ध्या चौकटी असतात. काही सॉफ्टवेअर त्यातल्या निम्म्या गुपचूप टाकून देतात, ते तपास. चित्र गुळगुळीत करायचे खेळ कॉपीवर कर, मूळ फाइलला हात लावू नकोस. आणि करणारी माणसं सापडली तर त्यांना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नकोस. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

नोव्हेंबरात तू पणजीला इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या रांगेत तासन्‌तास उभी राहतेस. जगभरचे सिनेमे जरूर बघ. तिथं बघायची जी नजर तयार होते, तीच या पोत्यापाशी लाव.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी ये. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवून झालेली असेल, घर मोकळं असेल. बुरशीची कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आण, ती उघडून हातानं कशी साफ करायची ते दाखवतो. तुझ्या मागे लागता लागता मीही एक फोन केला. ती कळशीवाली बाई साखळीतच लेकीकडे असते. सिनेमाची गोष्ट तिला पाठ आहे म्हणाली, या म्हणाली. रेकॉर्डर तुझा आण, माझा बिघडलाय.

तुझा,
काका