स्कोलिओसिसच्या (पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या) ऑपरेशनला थ्रीडी प्रिंटेड गाइड (स्क्रूची दिशा दाखवणारा छापील साचा) खरंच लागतो का?

ताई, मुलगी १४ वर्षांची, बाक ५८ डिग्री, आणि डॉक्टर थ्रीडी गाइड वापरू म्हणतायत तर हा उगाच बिल वाढवायचा प्रकार आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, ओटीत सीआर्म चालवतो (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन), त्यामुळे मणक्यांत बाक सरळ करणाऱ्या रॉडसाठीचे हे स्क्रू बसताना रोज बघतो.

प्रकार फालतू नाही. स्क्रू पेडिकलमधून जातो, म्हणजे मणक्याच्या मागच्या भागाला पुढच्याशी जोडणारा हाडाचा छोटा पूल. छातीच्या मधल्या मणक्यांत तो मोठ्या माणसातसुद्धा ४-५ मिमीचाच, आणि बाकाच्या आतल्या बाजूला अजून बारीक, त्यात मणका नुसता वाकलेला नसतो तर पिळलेला पण असतो आणि मज्जारज्जू नेमका त्याच आतल्या बाजूला सरकून भिंतीला टेकलेला, मग चुकायला जागा राहते कुठे.

तरी मुरलेले सर्जन हे हातानेच करतात, प्रोब (स्क्रूसाठी वाट करणारी सळई) आत जाताना हाड कसं लागतंय ते त्यांना कळतं, मग बारीक तार घालून त्या भोकाच्या चारी भिंती आणि तळ चाचपतात. गाइडमधे सीटीवरून दिशा आधीच कॉम्प्युटरवर ठरते आणि त्या त्या मणक्यावर टोपीसारखा बसेल असा साचा छापून येतो. मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक मणक्याचा साचा वेगळा, त्यामुळे पेशंट पालथा झोपवल्यावर पाठीचा आकार बदलला तरी फरक पडत नाही. नेव्हिगेशनमधे (स्क्रूची दिशा स्क्रीनवर दाखवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) जागा हलण्याचीच भानगड असते, हाडाला लावलेल्या फ्रेमला कोणाचं कोपर लागलं की स्क्रीन चुकीची जागा दाखवते आणि ते पण अगदी आत्मविश्वासाने 😅

पण गाइडखाली हाड एकदम स्वच्छ लागतं, जरा स्नायू राहिला की साचा डुलतो आणि दिशा गेली. आमच्याकडे एकदा असाच डुलत होता, सरांनी सरळ बाजूला ठेवला आणि तो स्क्रू हाताने टाकला. म्हणून मी तरी हात बसलेला सर्जन बघेन, गाइड त्याच्या जोडीला.

अजून एक, गाइड फक्त स्क्रूपुरता. रॉड टाकून बाक सरळ करताना मज्जारज्जूवर ताण येतो तिथे त्याचा काही उपयोग नाही, तिथे न्यूरोमॉनिटरिंग (मज्जारज्जूचे सिग्नल नीट जातायत का ते ऑपरेशनभर बघत राहणं) लागतं, पूर्वी पेशंटला मधेच जागं करून पाय हलवायला सांगायचे. ते आहे का हे गाइडच्या आधी विचारा. गाइड कुठल्या मणक्यांना वापरणार तेही विचारा, कमरेचे पेडिकल जाड असतात, तिथे बहुतेक वेळा हाताने भागतं. आणि सीटी अजून झाला नसेल तर लो डोसचा करायला सांगा, या मुलांचे पुढे वर्षानुवर्षं एक्सरे होतच राहतात.