पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाला फिरायला जायचंय, तयारी काय करावी?

सगळ्यात आधी पासपोर्टच्या माहितीपानाच्या २०-२५ झेरॉक्स काढा. राजधानी नुआकशोतहून अतार, शिंगेत्ती या वाळवंटातल्या गावांकडे निघालात की वाटेत पोलिसांच्या चौक्या लागतात आणि तिथे एकेक प्रत द्यावी लागते. तिला म्हणतात ‘फीश’; मासा नव्हे, फ्रेंच शब्द आहे!

कार्डावर विसंबू नका, रोख युरो ठेवा. २०१८ मध्ये उगिया या तिथल्या चलनाचं एक शून्य उडवलं, पण अजून बरेच जण जुन्याच हिशेबाने भाव सांगतात. म्हणजे ‘हजार’ ऐकलं तर ते शंभरही असू शकतात. आधी विचारा, मग घासाघीस.

दारूबंदी आहे. इंग्रजी फारशी चालत नाही, फ्रेंच आकडे पाठ करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. आणि कुणी चहाला बसवलं तर तिसरा पेला होईपर्यंत उठू नका.