ढकलली की सुरू, किकवर मात्र घाम

प्रश्न : काका, नमस्कार. माझी यामाहा आरएक्स १०० बाईक मी घरीच डर्टसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर पळवायला, तयार केली आहे. उन्हाळ्यात बोअर करून (सिलिंडर आतून घासून) पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, चेसीला पावडर कोटिंग केलं, कार्बोरेटर दोनदा साफ केला. तेव्हापासून गाडी किकला दाद देत नाही. वीस-पंचवीस किका मारल्या की प्लग ओलाचिंब. दोघांनी ढकलली की दहा पावलांत सुरू होते आणि मग झकास पळते. प्लग बाहेर काढून बघितला तर करंट येतो. गॅरेजवाले म्हणतात, बोअर परत करावा लागेल. करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : काका म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. बोअरला अजिबात हात लावू देऊ नकोस. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेली गाडी ढकलून सुरू झाली तरी पुढे झकास पळत नाही, चढाला दम टाकते.

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी थांबलो. एक ढकलणं, दुसरी पावडर कोटिंग.

आरएक्सच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही. डाव्या बाजूच्या मॅग्नेटमधली (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकातली) कॉइल जेवढा करंट देईल तेवढ्यावर सगळं चालतं. ढकलताना मागचं चाक इंजिनाला किकपेक्षा जोरात फिरवतं, म्हणून करंट वाढतो आणि अशक्त ठिणगीही निभावून नेते. किकवर ती कमी पडते, पेट्रोल जळत नाही आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे आत पेट्रोल साचतं. प्लग ओला होतो तो यामुळे. बाहेर करंट दिसला म्हणून फसू नकोस. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला कितीतरी जास्त जोर लागतो. अंधारात बघ: निळी, टक् आवाज करणारी ठिणगी चांगली, बारीक, पिवळट-लाल असली तर कमजोर. बघताना प्लग हेडच्या पंख्याला (इंजिनावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांना) घट्ट टेकव आणि प्लगच्या भोकापासून लांब धर. तिथून पेट्रोलची वाफ येते, भडका उडू शकतो.

आता कोटिंग. टाकीखालची एच.टी. कॉइल (प्लगला जोराचा करंट देणारी) चेसीला बोल्टने बसते आणि तिला अर्थिंग तिथूनच मिळतं. पावडर कोटिंग म्हणजे लोखंडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. सगळा करंट बोल्टच्या दोन-चार आट्यांतून कसाबसा वाट काढतो. गेल्या दिवाळीआधी माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. किकचा दांडा उलटा बसून त्या पोराच्या पोटरीवर हिरवानिळा वळ उठला होता, बघवत नव्हता. टाकी उतरवून हातभर वायर घेतली, एक टोक कॉइलच्या लोखंडी पट्टीला, दुसरं इंजिनाच्या पंख्याला. दुसऱ्या किकला गाडी सुरू.

तू आधी हेच कर. त्याआधी ओव्हर झालेली गाडी मोकळी कर: पेट्रोल कॉक बंद, चोक बंद, प्लग काढून त्याच्या टोपीत बसव आणि हेडला लांब टेकव, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून दहा-बारा किका. प्लग टोपीतून मोकळा सोडून किक मारायची नाही, कॉइल जळू शकते. मग कोरडा प्लग लाव, वायर जोड, चोक ओढ आणि ॲक्सिलेटरला हात न लावता किक मार. सुरू झाली तर बोल्टखालचं कोटिंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घास, दातेरी वॉशर टाकून आवळ, वरून व्हॅसलीन लाव. इंजिनाचे माउंटिंग बोल्टही बघ, तिथेही हाच थर असणार.

सोबत प्लगची वायर टोपीपासून पाच-सहा मिलिमीटर कापून टोपी परत फिरवून बसव. तिथली तार हिरवी पडते.

एवढ्यावरही फरक पडला नाही, तर मॅग्नेटमधल्या कॉइलवर संशय. या गाडीचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, त्यामुळे मूळ कॉइल असेल तर तिचं वय तू मोज. इंजिन थंड असताना आणि तापल्यावर मीटरने रेझिस्टन्स घे. आकडा खूप हलला तर कॉइल रिवाइंड करून घे. मॅग्नेट काढायला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापर. हातोड्याने ठोकलास तर आतली अर्धगोल ‘की’ (मॅग्नेट जागेवर धरणारी पाचर) सरकते, टायमिंग बिघडतं, आणि मग किक अशी उलटी बसते की पाय महिनाभर टेकवत नाही.