गणिताच्या पदवीनंतर अप्लाइड कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स: आधीचे तीन महिने, विषयांची निवड आणि थिसिस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गणितात पदवी झाली आहे, पायथन कामापुरतं येतं, अप्लाइड कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे आणि सुरू व्हायला तीन महिने आहेत. या काळात काय शिकावं, विषय कसे निवडावेत आणि थिसिसमध्ये लोक नेमके कुठे अडकतात?

‘अप्लाइड’ म्हटलं की थिअरी कमी आणि कोडिंग जास्त, असा समज असतो. माझ्या मते ही समजूत घेऊन गेलात तर पहिल्याच सेमिस्टरला त्रास होईल. थिअरी तेवढीच लागते, फक्त तुमच्याकडे सिद्धतेऐवजी मोजमाप मागितलं जातं. तुम्ही बनवलेली गोष्ट किती डेटावर चालते, कोणत्या मशीनवर, किती लोड असताना, आणि कशाच्या तुलनेत बरी आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर नसेल तर दिसायला देखणं ॲपही परीक्षकासमोर टिकत नाही.

आता तीन महिन्यांकडे येतो. तुमचं गणित पक्कं असेल तर रेषीय बीजगणित पुन्हा करत बसू नका. संभाव्यता आणि संख्याशास्त्र कच्चं असेल तर तेवढं रोज थोडं पाहा. तुमची खरी उणीव मशीन आतून कसं चालतं याची असणार. गणितातून आलेल्यांना अल्गोरिदमची गुंतागुंत (डेटा वाढला की काम किती वाढतं) पटकन कळते, पण एकाच गुंतागुंतीचे दोन प्रोग्राम वेगात इतके वेगळे का, हे कळत नाही.

यासाठी पहिल्या महिन्यात लिनक्सची कमांड लाइन आणि थोडं सी शिका. सी मध्ये २००० × २००० च्या दोन मॅट्रिक्स गुणा (प्रत्येक संख्या ‘डबल’, म्हणजे आठ बाइट्सची). तीन लूप, ८०० कोटी गुणाकार. आधी नेहमीच्या क्रमाने लिहा: बाहेर ओळ, मग स्तंभ, सगळ्यात आत बेरजेचा लूप. वेळ मोजा. मग आतले दोन लूप आपसात बदला आणि पुन्हा मोजा. गुणाकार तेवढेच राहतात, पण वेळ साधारण कित्येक पट कमी होतो. कारण असं की सी मध्ये मॅट्रिक्स ओळीओळीने मेमरीत मांडलेली असते. पहिल्या क्रमात आतला लूप दुसऱ्या मॅट्रिक्सच्या स्तंभातून खाली जातो, म्हणजे प्रत्येक पावलाला १६,००० बाइट्सची उडी. प्रोसेसर मात्र मेमरीतून एका वेळी बहुधा ६४ बाइट्सची कॅशे लाइन (जवळच्या जलद मेमरीत येणारा तुकडा) आणतो. त्यात आठ संख्या येतात आणि तुम्ही एकच वापरून पुढे जाता. क्रम बदलला की आठही कामी येतात. कंपायलरचं (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामचं) ऑप्टिमायझेशन सर्वात वरच्या पातळीवर ठेवू नका, नाहीतर काही कंपायलर लूपचा क्रम स्वतःच बदलतात आणि फरक दिसणार नाही. हा एक प्रयोग नीट समजला की ऑपरेटिंग सिस्टिम आणि समांतर प्रोग्रामिंगचे तास डोक्यावरून जाणार नाहीत.

दुसरा महिना पूर्ण डेटाबेसला द्या. माझा याबाबत आग्रह आहे, कारण पुढे कुठल्याही प्रोजेक्टमध्ये डेटाबेस असतोच आणि बहुतेकांना तो फक्त ‘सिलेक्ट’ (डेटा वाचण्याची कमांड) पुरता माहीत असतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवा, ५० लाख ओळींचं टेबल तयार करा, त्यात एक कॉलम यादृच्छिक संख्यांचा ठेवा. एखादी ठरावीक संख्या शोधा आणि ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ (शोध कसा झाला ते दाखवणारी कमांड) लावून पाहा: पूर्ण टेबल वाचलं जातंय. इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून मूल्यांची क्रमवार सूची) बनवा, पुन्हा पाहा. आता अशी अट घाला की निम्म्या ओळी बसतील. इंडेक्स असूनही डेटाबेस तो वापरणार नाही, कारण निम्मं टेबल हवंच असेल तर इंडेक्समधून इकडेतिकडे उड्या मारण्यापेक्षा सरळ वाचणं स्वस्त पडतं. मजकुराच्या कॉलमवर इंडेक्स बनवून अटीत तो कॉलम इंग्रजी लहान अक्षरांत (लोअरकेस) करणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळून पाहा. इंडेक्स पुन्हा निकामी, कारण इंडेक्स मूळ मूल्यांचा आहे, फंक्शनच्या उत्तरांचा नाही.

त्यानंतर दोन टर्मिनल उघडा आणि दोन ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारे कमांडचे गट) एकाच वेळी चालवा. खात्यात १०० आहेत. दोघांनी १०० वाचले, दोघांनी मनात १० वजा करून ९० लिहिले. वीस जायला हवे होते, दहाच गेले. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे ‘रीड कमिटेड’ला, हे बिनतक्रार होतं. ‘रिपीटेबल रीड’ लावा, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर येईल आणि ते पुन्हा चालवावं लागेल. किंवा वाचतानाच ओळ लॉक करा. किंवा वजाबाकी अपडेटच्या आतच लिहा. हे तिन्ही उपाय हाताने करून पाहिलेत तर डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा (अनेक मशीन मिळून चालवणाऱ्या प्रणालींचा) निम्मा विषय ओळखीचा वाटेल.

तिसऱ्या महिन्यात कोडचा इतिहास ठेवणारं गिट (ब्रँच म्हणजे कोडची समांतर प्रत, मर्ज म्हणजे प्रती एकत्र करणं, आणि त्यात येणारे कॉन्फ्लिक्ट सोडवणं), वेबवर वापरल्या जाणाऱ्या एचटीटीपीची मूलभूत माहिती, चार टेस्ट असलेली एक छोटी सेवा आणि ती दुसऱ्याच्या मशीनवर चालेल अशी कंटेनरमध्ये (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र असलेल्या पेटीत) बांधणं. एवढं पुरे.

विषय निवडताना आधी तासांचा हिशेब करा. युरोपीय क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि एका सेमिस्टरला ३० क्रेडिट. म्हणजे ७५० ते ९०० तास. वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण चाळीस. इतर पद्धतींत आकडे वेगळे असले तरी असा हिशेब मांडता येतोच. अडचण एकूण तासांची नसते, ते कधी अंगावर येतात त्याची असते. प्रोजेक्ट असलेल्या विषयांचं काम शेवटच्या चार आठवड्यांत एकवटतं. असे चार विषय एकत्र घेतले तर चारही अर्धवट राहतात. एका सेमिस्टरला प्रोजेक्टचे दोन विषय, बाकी लेखी परीक्षेचे, ही वाटणी मला योग्य वाटते.

कोणते विषय? सगळे मशीन लर्निंगचे घेऊ नका. तीन विषयांत तेच ते क्लासिफायर (वर्ग ओळखणारी मॉडेल्स) वेगळ्या नावाने भेटतात. एक तरी विषय असा घ्या ज्यात काहीतरी तळापासून बांधावं लागतं: डेटाबेसचं अंतरंग, ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कंपायलर. एक डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, एक सिक्युरिटी. तुमच्या गणितामुळे ऑप्टिमायझेशन किंवा क्रिप्टोग्राफी सोपी जाईल, तेव्हा जड सेमिस्टरमध्ये तोल साधायला ती ठेवा.

गटाने करायचे प्रोजेक्ट जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी फसतात. चौघे चार भाग वेगवेगळे लिहितात आणि शेवटच्या आठवड्यात जोडायला बसतात. एकाने तारीख मजकूर म्हणून पाठवलेली, दुसऱ्याने आकडा अपेक्षिलेला. उपाय असा की पहिल्याच आठवड्यात सगळा सांगाडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू करा, आत खोटा डेटा असला तरी चालेल. मुख्य ब्रँच कायम चालती ठेवा, एका वेळी दोन-तीनशे ओळींपेक्षा जास्त बदल आणू नका आणि प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय मर्ज करू नका. कुणी किती काम केलं हा वाद झाला तर हाच इतिहास पुरावा असतो.

आता मोजमाप. मास्टर्सच्या पातळीवर चांगलं आणि साधारण काम इथे वेगळं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मशीन लर्निंगमध्ये आकडे संशयास्पद चांगले आले तर बहुधा टेस्टची (तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटाची) माहिती ट्रेनिंगमध्ये (मॉडेल शिकवण्याच्या डेटात) झिरपलेली असते. सगळ्या डेटाची सरासरी काढून नॉर्मलाइझ केलं आणि मग भाग पाडले, तर टेस्टची सरासरी मॉडेलला आधीच मिळाली. एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे दोन्हीकडे गेले तर मॉडेल आजाराऐवजी रुग्ण ओळखायला शिकतं. काळाच्या क्रमाचा डेटा यादृच्छिकपणे दोन भागांत विभागला तर उद्याची माहिती वापरून आजचं भाकीत होतं. आणि सगळ्यात सर्रास होणारी गोष्ट: टेस्ट सेटवरचा आकडा पाहत पाहत सेटिंग बदलणं. त्यासाठी व्हॅलिडेशनचा वेगळा भाग हवा. टेस्टला अगदी शेवटी हात लावायचा.

अचूकतेच्या टक्क्यावरही विसंबू नका. हजारात दहाच उदाहरणं ‘होय’ असतील तर सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारा प्रोग्राम ९९ टक्के अचूक ठरतो आणि कुठल्याच कामाचा नसतो. प्रिसिजन (‘होय’ म्हटलेल्यांपैकी खरी किती) आणि रिकॉल (खऱ्या ‘होय’पैकी सापडली किती) दोन्ही द्या. प्रत्येक प्रयोग निदान पाच वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक संख्यांच्या आरंभीच्या आकड्याने) चालवून सरासरी आणि प्रमाण विचलन लिहा. दोन पद्धतींमधला फरक एकाच पद्धतीच्या सीडसीडमधल्या फरकाएवढाच असेल तर सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. बेसलाइन (तुलनेसाठीची साधी पद्धत) आधी बनवा: वर्गीकरणाला लॉजिस्टिक रिग्रेशन, अंदाजाला ‘काल होतं तेच आज’. ही साधी पद्धत हरत नसेल, तर ते दुसऱ्या आठवड्यात कळलेलं बरं.

वेग मोजताना पहिली धाव सोडून द्या, कारण तेव्हा फाइल डिस्कवरून येते आणि पुढच्या वेळी मेमरीतून. लॅपटॉप चार्जरला लावून मोजा. सेवेचा प्रतिसाद मोजताना सरासरी न देता मध्यक आणि ९९ वा पर्सेंटाइल (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के विनंत्या पूर्ण होतात) द्या. काही मोजक्या विनंत्या फार रेंगाळत असतील तर सरासरीत ते दिसत नाही. जीपीयूबाबत (ग्राफिक्स प्रोसेसरबाबत) एक खास सापळा आहे: जीपीयूला काम सोपवून पायथनची ओळ लगेच पुढे जाते, काम मागे चालूच असतं. घड्याळ थांबवण्याआधी सिंक्रोनाइझ केलं नाही, म्हणजे काम संपेपर्यंत वाट पाहिली नाही, तर तुम्ही फक्त काम सोपवायला लागलेला वेळ मोजता आणि निकाल अविश्वसनीय वेगवान दिसतो. समांतर प्रोग्रामचा वेग किती वाढू शकतो याचा अंदाज आधीच काढा. १९६७ पासून माहीत असलेल्या ॲमडालच्या नियमानुसार ९० टक्के काम समांतर होत असेल तर आठ कोअरवर (प्रोसेसरच्या स्वतंत्र भागांवर) वेग फार तर ४.७ पट होतो, आणि कितीही कोअर लावले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. पाच पट का आली नाही म्हणून आठवडाभर बग शोधण्यापेक्षा हे गणित पाच मिनिटांचं आहे.

थिसिससाठी एक वाक्य लिहून पाहा: अमुक पद्धत, अमुक परिस्थितीत, अमुक पद्धतीच्या तुलनेत, अमुक मापावर कशी ठरते? चारही जागा भरता येत नसतील तर विषय अजून ठरलेला नाही. ‘शेतीसाठी एआय’ हा विषय नाही. ‘पानावरचा रोग ओळखणाऱ्या मॉडेलमधल्या संख्या आठ बिटांत आणल्यावर साध्या फोनवर वेग किती वाढतो आणि रिकॉल किती घटतो’ हा विषय आहे.

कंपनीत थिसिस करणार असाल तर नोंदणीआधी डेटा हातात घ्या, आश्वासन पुरत नाही. परवानग्यांमध्ये दोन-तीन महिने सहज जातात आणि सादर करण्याची तारीख हलत नाही. कंपनीला चालणारी वस्तू हवी असते, विद्यापीठाला प्रश्नाचं उत्तर. दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शकांना पहिल्याच आठवड्यात एकत्र बसवून वरचं वाक्य मान्य करून घ्या, आणि काय प्रसिद्ध करता येईल तेही लेखी घ्या.

सहा महिने असतील तर मी अशी विभागणी सुचवेन: वाचन तीन आठवडे, बेसलाइन आणि मोजण्याची यंत्रणा तीन, मुख्य काम आठ, प्रयोग सहा, उरलेले लिखाण आणि अडीअडचणींना. लिखाण मात्र सहाव्या आठवड्यापासून सुरू करा. पद्धतीचं प्रकरण आधी, प्रस्तावना शेवटी. शोधनिबंध वाचताना सारांश, आकृत्या, निष्कर्ष एवढंच दहा मिनिटांत पाहून पुढे वाचायचं की नाही ते ठरवा. चाळीस चाळलेत तर आठ-दहाच खोलात वाचावे लागतात.

प्रत्येक प्रयोगासोबत कमिट क्रमांक (गिटमधल्या कोडच्या नोंदीचा), सेटिंगची कॉन्फिग फाइल, सीड, डेटाची आवृत्ती आणि चालवलेली कमांड आपोआप साठली पाहिजे. आलेख हाताने काढू नका, कच्च्या निकालांवरून स्क्रिप्टने काढा. पाचव्या महिन्यात एक चूक सापडून सगळे तक्ते बदलावे लागले तर एका कमांडचं काम राहतं. मार्गदर्शकाला भेटायला जाताना एक पान न्या: काय झालं, एक आकृती, कुठे अडलं, कोणता निर्णय हवा. ‘काम चालू आहे’ एवढं सांगायला गेलात तर मार्गदर्शकाकडेही सांगायला काही उरत नाही.

एआयकडून कोड किंवा मजकूर घेण्याबाबत विभागाचे नियम आधी वाचा आणि वापर जाहीर करा. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा, कारण अस्तित्वात नसलेले निबंध तो सहज लिहून देतो. आणि तोंडी परीक्षेत तुमच्या रिपॉझिटरीतली (साठवलेल्या कोडमधली) कुठलीही ओळ दाखवून ‘हे असं का?’ विचारलं जाऊ शकतं. जी ओळ समजावता येत नाही ती सादर करण्याआधी काढा किंवा स्वतः पुन्हा लिहा.