१४२८५७ ला जादुई संख्या का म्हणतात? स्पर्धा परीक्षेत तिचा काही उपयोग होतो का?

जादू नाही आणि योगायोग तर मुळीच नाही. योगायोग म्हटलं की मला अजून राग येतो, कारण सांगते.

आठवीत होते, दिवाळीची सुट्टी, वहीच्या मागच्या पानावर १ ला ७ ने भागत बसले होते. १४२८५७, परत १४२८५७, संपेचना. मग त्यालाच २ ने गुणलं तर २८५७१४, ३ ने ४२८५७१, म्हणजे तेच आकडे तसेच गोल फिरलेले, ६ पर्यंत हेच, आणि ७ ने गुणल्यावर थेट ९९९९९९! पळत दादाकडे गेले, तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, म्हटलं सगळ्याच मूळ संख्यांचं असं होत असणार बघ. त्याने माझ्याच पेन्सिलीने १ ला १३ ने भागलं, ०७६९२३ आलं, दुप्पट केली तर १५३८४६, आकडेच वेगळे. वही मिटली न म्हणाला, योगायोग आहे गं, अभ्यास कर. रात्री जेवताना सगळ्यांसमोर परत तेच. मला काही बोलता आलं नाही.

उत्तर भागाकारातच होतं, फक्त मी वरचे आकडे बघत होते, बाकी बघायची होती. ७ ने भागताना बाकी येते ३, २, ६, ४, ५, १. एकूण सहाच शक्य, सहाही येऊन जातात मगच चक्र सुरू. ३ ने गुणणं म्हणजे बाकी ३ पासून भागायला लागणं, म्हणून आकडे तेच, सुरुवात वेगळी. १३ ला बारा बाक्या शक्य, पण एका फेरीत सहाच येतात, उरलेल्या सहांची दुसरी फेरी, तीच ती १५३८४६. म्हणजे दादाने जे माझ्या विरोधात दाखवलं तोच खरा पुरावा होता! १७ ला परत एकच चक्र, सोळा आकडी, ०५८८२३५२९४११७६४७. सगळ्या मूळ संख्यांना लागू होत नाही हे त्याचं बरोबर होतं, पण म्हणून योगायोग ठरत नाही.

अजून एक, तिचा वर्ग २०४०८१२२४४९, तोडून २०४०८ + १२२४४९ केलं की परत १४२८५७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, ६१७४ हा कापरेकर स्थिरांक शोधणारे आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, त्यांच्या नावाने.

परीक्षेचं म्हणाल तर सातच्या अपूर्णांकांना उपयोग होतो. १, २, ४, ५, ७, ८ असे चढत्या क्रमाने लावा, ५/७ ला पाचवा आकडा ७, मग १४२८५७ मध्ये त्या ७ पासून फिरवत जा, ०.७१४२८५... बाकी शॉर्टकटसाठी पाठ करू नका, एकदा हाताने भागा आणि बाकी बाजूला लिहीत जा, १३ पण करा, दोन्ही फेऱ्या काढा.

हां, हे सगळं आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून. आठच्या पद्धतीत (जिथे ० ते ७ एवढेच आकडे असतात) १/७ नुसतं ०.१११... असं येतं. दादाने तेव्हा हा मुद्दा काढला असता तर मी ऐकून घेतलं असतं.